डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) अभ्यासात पाड्यावरची आणि मोहल्ल्यातली कुटुंबं कशी जोडायची: नाशिक जिल्ह्यात नव्याने काम करणाऱ्यांसाठी

एमडीचा प्रबंध असो, पीएचडी असो, एमएसडब्ल्यूचा प्रकल्प असो की मोठ्या अभ्यासातली क्षेत्र-समन्वयकाची नोकरी, सुरुवातीला हातात एक कागद पडतो. साठीच्या पुढची इतकी माणसं, त्यांतली इतकी आदिवासी, इतकी उर्दू बोलणारी, आणि प्रत्येकामागे त्यांना सांभाळणारं घरातलं एक माणूस. नाशिकच्या ऑफिसात हा आकडा सोपा वाटतो. सुरगाण्याच्या घाटात गाडी शिरली की सोपा राहत नाही.

मी हे काम समन्वयक म्हणून केलं आहे, पेठ-सुरगाण्याकडे आणि मालेगावातही. नवीन आलेली मुलं-मुली तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते आहे. माझं मत आधीच सांगते. आपण माणसं शोधायला निघतो आणि त्यांच्या घरातला दिवस कसा जातो हे बघायचंच विसरतो. तो दिवस समजला की अर्धी नोंदणी झाली समजा.

ही धडपड कशाला, असं गाईड विचारतीलच. लासी-डॅड या देशव्यापी अभ्यासातून २०२३ साली जो अंदाज आला, त्यानुसार साठीच्या पुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, आणि प्रमाण बायकांत व ग्रामीण भागात जास्त आहे. मेमरी क्लिनिकच्या बाकावर मात्र बहुतेक शहरातली, शिकलेली माणसं दिसतात. नाशिक जिल्ह्याची जवळपास चौथा हिस्सा लोकसंख्या आदिवासी आहे. सगळी नावं गंगापूर रोडच्या ज्येष्ठ नागरिक संघातून घेतली तर तो अभ्यास पेन्शनरांचा होईल, जिल्ह्याचा होणार नाही.

१. कोण हवंय ते नेमकं ठरवा

प्रस्तावात नुसतं ‘आदिवासी’ किंवा ‘अल्पसंख्याक’ लिहून पुढे जाऊ नका. सुरगाणा-पेठ-कळवणला कोकणा मोठ्या संख्येने आहेत. इगतपुरी-त्र्यंबककडे महादेव कोळी, ठाकर, कातकरी. शिवाय वारली आहेत, भिल्ल आहेत. बोली वेगळ्या, देव वेगळे, एकमेकांच्या पाड्यावर उठबस असतेच असं नाही. एका पाड्यावरची ओळख पुढच्या पाड्यावर उपयोगी पडेल हे गृहीत धरू नका. मालेगावात यंत्रमागावर आयुष्य काढलेली उर्दू भाषक कुटुंबं आहेत, आणि तालुक्याच्या खेड्यांत अहिराणी आहे. देवळालीकडे सिंधी, पारशी घरं आहेत. तिथे अडचण वेगळी: म्हातारी माणसं एकटी आणि मुलं परगावी, त्यामुळे सांभाळणारं माणूस फोनवरच भेटतं.

आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांतला आदिवासी समाजावरच्या संशोधनाचा भाग प्रस्ताव लिहिण्याआधी वाचा. ज्या संशोधनाचा निदान, उपचार किंवा प्रतिबंध म्हणून त्याच समाजाला उपयोग होईल तेवढंच करा, असं त्यात आहे. कातकरी हा विशेष असुरक्षित आदिम गटांपैकी एक आहे, आणि अशा गटातल्या वृद्धांना अभ्यासात ओढू नये यासाठी जादा काळजी घ्या असंही आहे. तेव्हा ‘सगळे आदिवासी चालतील’ असं लिहून इगतपुरीच्या कातकरी वस्तीत जाऊ नका. नैतिकता समितीसमोर अडकाल, आणि अडकायलाच हवं.

इथेच एक ओळ लिहून काढा: यातून त्या घराला काय मिळेल? ‘भविष्यात समाजाला फायदा’ हे उत्तर पाड्यावर चालत नाही. बीपी-साखर तपासणी, मोतीबिंदू वाटला तर दवाखान्यासाठी चिठ्ठी, म्हातारपण कसं सांभाळायचं याची दोन तासांची बैठक, काहीही चालेल, पण खरं असलं पाहिजे.

२. कागदपत्रं आणि पिशवी

परवानग्या वरून खाली घ्या. खालून वर जायला गेलात तर सरपंच ‘साहेबांचं पत्र आणा’ म्हणतात आणि तुमचा महिना जातो.

- नैतिकता समितीची मंजुरी. समितीची आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी आहे ना, हे विचारून घ्या. समिती रोज बसत नाही, म्हणून माहितीपत्रक आणि संमतीपत्र ज्या ज्या भाषेत वापरणार त्या सगळ्या भाषांतलं एकदमच सादर करा.
- आदिवासी भागासाठी आदिवासी विकास आयुक्त किंवा जिल्हाधिकारी यांच्या पातळीवरची मान्यता. आयुक्तालय नाशिकातच आहे, हे आपलं नशीब. प्रकल्प कार्यालयं नाशिक आणि कळवण अशी दोन आहेत. तुमचा तालुका कोणाकडे येतो ते आधी बघा.
- जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र आणि त्याची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना. मालेगाव शहरासाठी तिथल्या महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे जायचं, तिथे जिल्हा परिषदेचं पत्र कामाचं नाही.
- ग्रामपंचायतीचं पत्र. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण हा पेसाचा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचा) भाग आहे, लोक ग्रामसभेला मानतात. सरपंचाची सही मिळाली तरी ग्रामसभेत पाच मिनिटं उभं राहून विषय सांगाच.
- परदेशी निधी किंवा भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी. ही वेळखाऊ आहे.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं ९९ वं कलम संशोधनाबद्दल आहे. संमती देऊ न शकणाऱ्या व्यक्तीवर औषधाचा, मानसशास्त्रीय किंवा इतर उपचाराचा प्रयोग करायचा असेल तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. तुमचा अभ्यास यात येतो का, हे समितीलाच लेखी विचारा, स्वतः अर्थ लावत बसू नका.

पिशवीत: ओळखपत्र, परवानग्यांच्या प्रती, शाईचा पॅड आणि अंगठा पुसायला ओला रुमाल, वेगवेगळ्या नंबरचे वाचायचे चष्मे, कानाला लावायचं साधं आवाज वाढवणारं यंत्र, बीपीचं यंत्र, बॅटरी, छत्री, पाण्याची बाटली, चिठ्ठ्यांचं पुस्तक आणि एक जाड रजिस्टर. टॅब असला तरी रजिस्टर हवंच. घाटात रेंज जाते आणि अॅप नेमकं तेव्हाच लॉगिन मागतं.

३. शेताचं आणि मागाचं कॅलेंडर भिंतीवर लावा

विद्यापीठाचं वेळापत्रक बघून फील्डवर्क आखलंत तर सगळं फसतं. हा भाग नीट वाचा.

जुलैत भात-नागलीची आवणी (रोपांची लावणी) असते. तेव्हा पाड्यावर कुणी भेटत नाही, भेटलं तरी चिखलातून बाहेर यायला कुणाला सवड नसते. दिवाळीच्या आसपास भाताची कापणी. ती उरकली की खरी गंमत सुरू होते: तरणी माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर निघतात. काही मुक्कामाला जातात, काही पहाटेच्या पिकअपने जाऊन रात्री परततात. घरी उरतात म्हातारा-म्हातारी आणि नातवंडं. नवख्याला वाटतं, वा, म्हातारी माणसं निवांत सापडली! पण डिमेन्शियाच्या अभ्यासात अर्धी माहिती सांभाळणाऱ्याकडून घ्यायची असते. म्हातारी अंगणात बसलेली आणि सून पिंपळगावला द्राक्षांचे डबे भरतेय, अशा वेळी मुलाखत होतच नाही. सात वर्षांच्या नातवाला विचारून फॉर्म भरणारे महाभागही मी पाहिले आहेत.

मार्गशीर्षात कळवण, सटाणा, सुरगाण्याकडे डोंगऱ्या देवाचा उत्सव असतो. व्रत धरलेले पुरुष काही दिवस घरच्या व्यवहारात नसतात. चैत्रात आणि नवरात्रात सप्तशृंगगडाची यात्रा, तेव्हा वणीच्या रस्त्याला वेळेचा भरवसा नाही. आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. त्या काळात त्र्यंबकच्या बाजूला काहीही ठेवू नका. रस्ते मिळणार नाहीत आणि आरोग्य खात्याची माणसं तर नाहीतच नाहीत.

मग उरतं काय? होळीला सगळे घरी येतात. होळीपासून आखाजीपर्यंतचे (अक्षय्य तृतीयेपर्यंतचे) आठवडे सगळ्यांत चांगले. मात्र उन्हाळ्यात पाण्याचा प्रश्न असतो, बायका सकाळी हंडे घेऊन लांब जातात. म्हणून जेवणानंतर जा, चार वाजेपर्यंत बसा. दुसरी बरी वेळ म्हणजे आवणी संपल्यानंतरचा आणि कापणीच्या आधीचा काळ. पाऊस असतो, पण माणसं घरी असतात.

मालेगावचं गणित वेगळं. तिथे माग शुक्रवारी बंद असतात. शुक्रवारी सकाळी किंवा जुम्याची नमाज आणि जेवण झाल्यावर घरातले पुरुष भेटतात. इतर दिवशी पाळ्या चालू असतात, दुपारी रात्रपाळीवाला झोपलेला असतो आणि एका खोलीच्या घरात तुम्ही चाचणी घ्यायला बसता, हे बरं दिसत नाही. रमजानमध्ये नोंदणी थांबवा. रोजा ठेवलेल्या सत्तरीच्या चाचांची दुपारी चार वाजता स्मरणशक्ती तपासली तर मिळालेले गुण कशाचे, भुकेचे की आजाराचे?

४. दार कोण उघडतं

आशाताईंशिवाय काम होत नाही, हे सगळेच सांगतात. मी पुढचं सांगते. त्यांच्यावर आधीच इतके सर्व्हे आणि इतकी रजिस्टरं लादलेली आहेत की तुमचा अभ्यास त्यांच्यासाठी आणखी एक ओझं असतं. मानधन द्या, पण डोक्यामागे देऊ नका. प्रत्येक नोंदणीला पैसे ठरवलेत की ‘नाही’ म्हणणाऱ्या घरालाही आग्रह होतो, आणि आशाताईला नाही म्हणणं त्या घराला जड जातं, कारण उद्या सुनेच्या बाळंतपणाला तीच लागणार असते. हजर दिवसाचे पैसे द्या. समितीला तसंच लिहून कळवा.

पाड्यावर पोलीस पाटील, बचत गटाची अध्यक्ष, उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी आणि भगत या चौघांना वेगवेगळं भेटा. भगताला टाळणं ही हमखास चूक. म्हातारा रात्री-अपरात्री घराबाहेर निघायला लागला की पहिली विचारणा त्याच्याकडेच होते, त्यामुळे कोणत्या घरात काय चाललंय हे त्याला तुमच्या आधी कळलेलं असतं. त्याच्याशी वाद घालू नका. ‘तुमचं तुम्ही करा, आम्ही डोळे-कान-रक्तदाब बघतो’ एवढं पुरतं.

मालेगावात मोहल्ल्यातले डॉक्टर, मशिदीचे इमाम, उर्दू शाळेतल्या शिक्षिका. घरातल्या बायकांपर्यंत शिक्षिकाच पोचवतात. इमामसाहेबांकडून घोषणा झाली तर चांगलंच, पण त्यांना नोंदणीची यादी करायला सांगू नका. कोण भाग घेतोय आणि कोण नाही, हे त्यांना कळता कामा नये. हाच नियम सरपंचालाही.

लोक मागे का हटतात, हेही समजून घ्या. अमेरिकेतल्या लेखांत कृष्णवर्णीयांच्या अविश्वासाचा विषय निघाला की टस्कीगीचा दाखला असतो. १९३२ ते १९७२ या काळात तिथे सिफिलिस झालेल्या माणसांना उपचारांविना ठेवून नुसतं बघत राहिले. आपल्याकडची कारणं इथली आहेत. पाड्यावर अंगठा म्हणजे जमीन. वनहक्काचे दावे वर्षानुवर्षं रखडलेले, २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला जो लाँग मार्च गेला त्यात याच भागातली माणसं चालली होती. तिथे कुणी शाईचा पॅड काढला की पहिला प्रश्न ‘कशाचा कागद?’ हाच येणार. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीसाठी रक्त दिलेलं असतं, आणि ‘त्याचं काय झालं?’ हेही तुम्हालाच विचारतात. मालेगावात नाव, वय, जन्मगाव लिहून घेणारा अनोळखी माणूस दिसला की नागरिकत्वाच्या कागदांची भीती जागी होते. म्हणून एक नियम करा: आधार कार्ड मागायचं नाही. नंबर नाही, फोटो नाही, झेरॉक्स नाही. वय दुसऱ्या रीतीने काढता येतं, ते पुढे सांगते.

५. पहिली भेट: विषय कामाचा काढा

‘तुमच्या घरात कुणाला डिमेन्शिया आहे का?’ असं विचारलंत तर उत्तर ‘नाही’. ‘स्मृतिभ्रंश’ म्हटलं तरी ‘नाही’. विसरायला होतं का म्हटलं तर ‘वय झालं की व्हायचंच’. विचारायचं ते रोजच्या कामाबद्दल. आजी पूर्वी नागलीची भाकरी करायची, आता करते का? पीठ किती घ्यायचं, चूल कधी विझवायची हे समजतं का? बाबा गुरं घेऊन जायचे, आता वाट चुकतात का? बाजारात सुट्टे पैसे बरोबर परत आणतात का? मालेगावात तुटलेला धागा जोडता येतो का, नमाजच्या रकाती चुकतात का, नातीला मुलीच्या नावाने हाक मारतात का. या प्रश्नांना घरची माणसं एकदम बोलायला लागतात.

बोलायची रीतही बघा. पाड्यावर बाबा, आजी, मावशी, दादा. मालेगावात चाचा, खाला, आपा. ‘पेशंट’ हा शब्द अजिबात नको, कारण अजून काही ठरलेलंच नाही.

पहिल्या भेटीत सही घेऊ नका. चहा घ्या, माहितीपत्रक वाचून दाखवा, ठेवून या. दोन-चार दिवसांनी पुन्हा जा. गाईडला हे वेळ घालवणं वाटतं. पण पहिल्याच दिवशी अंगठा दिलेली घरं दुसऱ्या फेरीत कुलूप लावून शेतावर गेलेली सापडतात.

‘स्मरणशक्ती शिबिर’ भरवून सगळ्यांना समाजमंदिरात बसवण्याचा मोह होईल. गर्दी होते, फोटो छान येतात. पण एकाचं उत्तर दुसरा ऐकतो, आजोबांना महिना आठवला नाही की पोरं हसतात, आणि दुसऱ्या दिवशी गावभर ‘अमक्याला चळ लागलाय’. शिबिर घ्यायचंच तर बीपी-डोळ्यांचं घ्या. चाचणी घरी, दार लोटून.

६. संमती

इथे दोन माणसांची दोन वेगळी संमतीपत्रं लागतात. सांभाळणारी सूनही अभ्यासातली सहभागी आहे, तिची झोप, तिची पाठदुखी, तिची चिडचिड आपण विचारणार आहोत. सासूच्या कागदावर तिची सही घेतली म्हणजे तिची संमती झाली असं नव्हे.

म्हाताऱ्या माणसांना सरसकट समज नसते, असं म्हणून मोकळे होऊ नका. सौम्य डिमेन्शिया असलेलं माणूस ‘मला प्रश्न विचारणार, सुई टोचणार नाही, मी नको म्हणू शकतो’ इतकं समजून घेतं. समजलं का, असं विचारलं तर सगळेच मान डोलावतात. त्याऐवजी ‘बाबा, मी कशासाठी आले, ते तुम्ही मला सांगा’ म्हणा. सांगता आलं तर संमती त्यांची. नाही आलं, तर कायद्याला मान्य असलेल्या प्रतिनिधीची संमती घ्या आणि बाबांचा होकारही घ्या. होकार म्हणजे मान, हात, चेहरा. मध्येच उठून गुरांकडे निघाले तर तो नकार आहे. थांबा. मुलगा ‘बस की गप’ म्हणून ओरडला तरी थांबा. पुढच्या भेटीला पुन्हा विचारा, मागचा होकार पुढे चालत नाही.

लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी निःपक्ष, साक्षर साक्षीदार हवा, आणि तो संशोधन करणाऱ्यांपैकी नसावा. इथे हमखास फसायला होतं: आशाताईंना मानधन देताय, मग त्या साक्षीदार चालत नाहीत. शाळेतले गुरुजी, अंगणवाडीताई, शेजारचा बारावी झालेला मुलगा चालेल. आदिवासी भागात बोली जाणणारं आणि समाजातलं वडीलधारं माणूस सोबत असावं, असंही आयसीएमआरच्या तत्त्वांत आहे.

उर्दूचं संमतीपत्र उर्दू लिपीतच छापा. देवनागरीत उर्दू लिहून नेलंत तर ज्यांना वाचता येतं त्या खाला-आपाही ते बाजूला ठेवतात. मालेगावात उर्दू छापणारे आणि तपासून देणारे सहज मिळतात.

७. चाचणी माणसाला बसते का बघा

मोका या स्मरणशक्ती आणि समज तपासायच्या प्रसिद्ध चाचणीचं मराठी रूप आहे, ती घ्यायला रीतसर प्रशिक्षण लागतं. पण तिच्यात घन काढा, घड्याळ काढा, सिंह-गेंडा-उंट ओळखा असं आहे. ज्या आजीने आयुष्यात पेन्सिल धरली नाही तिला घन काढायला लावणं म्हणजे शाळेत न गेल्याची शिक्षा. कमी शिकलेल्यांसाठी मोका-बेसिक आहे. हरियाणातल्या बल्लभगढच्या भारत-अमेरिका अभ्यासात निरक्षर लोकांसाठी हिंदी मेंटल स्टेट एक्झॅम तयार झाली, आणि त्याच अभ्यासात रोजची कामं किती जमतात हे घरच्यांना विचारायची प्रश्नावलीही झाली. टेन-सिक्स्टीसिक्स (१०/६६) या डिमेन्शियावर काम करणाऱ्या संशोधक गटाच्या अभ्यासांतही घरच्यांची मुलाखत हा चाचणीचाच भाग धरला जातो. त्या गटाचं नाव असं पडलं, कारण १९९८ च्या सुमारास डिमेन्शियाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत होते आणि तिथलं संशोधन १० टक्क्यांहूनही कमी. चाचणी कोणतीही घ्या, वापरायची परवानगी आणि तुमच्या बोलीतली पडताळणी दोन्ही बघा. कोकणा बोलणाऱ्या आजीला पुस्तकी मराठीत विचारून गुण कापू नका.

‘आज तारीख किती?’ याला पाड्यावर कित्येक धडधाकट माणसंही उत्तर देत नाहीत. पौर्णिमा-अमावास्या, बाजाराचा वार, पीक कोणतं उभं आहे, हे विचारलेलं चालेल का, ते आधी गाईडशी बोलून ठरवा. मोहल्ल्यात इस्लामी महिना सांगितला तर तो बरोबर धरायचा का, हेही लिहून ठेवा. नाहीतर दोन मुलाखतकार दोन रीतींनी गुण देतात.

चाचणीआधी कान आणि डोळे तपासा. ऐकू न आलेला शब्द आठवणार कुठून? उदासी, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता यांनीही माणूस विसरतो, म्हणून दारात बसून ‘डिमेन्शिया आहे’ असं कुणालाही सांगायचं नाही. निदान डॉक्टरांचं काम.

आता वय. आधारवर कित्येकांची जन्मतारीख १ जानेवारी असते, म्हणजे कुणीतरी अंदाजाने टाकलेली. त्यापेक्षा ७२ च्या दुष्काळात तुमचं लग्न झालं होतं का, पोर होतं का, खडी फोडायला गेला होतात का, हे विचारा. कोयनेचा भूकंप १९६७ चा, बांगलादेशचं युद्ध १९७१ चं, सिंहस्थ १९८० चा. दोन-तीन खुणा जुळल्या की वय दोन-चार वर्षांच्या फरकाने सापडतं. कसं काढलं तेही रजिस्टरात लिहा.

८. सांभाळणारीला वेगळी भेटा

बहुतेक घरांत सांभाळणारी म्हणजे सून किंवा लेक. फॉर्मवर मात्र नाव मुलाचं येतं, कारण पुढे येऊन बोलतो तो. ‘आंघोळ कोण घालतं? रात्री उठतं कोण?’ हे विचारलं की खरं माणूस कळतं. मुलाखत मुलाचीही घ्या, पण ओझ्याचे प्रश्न तिलाच. हे ओझं मोजायच्या झारिट प्रश्नावलीत २२ प्रश्न आहेत, त्यांतले काही, म्हणजे राग येतो का, लाज वाटते का, हे सासूसमोर किंवा नवऱ्यासमोर विचारले तर उत्तर ‘नाही, नाही, नाही’. बाई मुलाखतकार हवी, आणि मुलाखत जिथे ती एरवी बसते तिथे: नळावर नव्हे, ओट्यावरही नव्हे, चुलीजवळ. मालेगावात कांड्या भरता भरता बोलू द्या, हात थांबले की तिची मजुरी बुडते.

ती रडली तर फॉर्म बाजूला ठेवा. वृद्धांसाठीची १४५६७ आणि मानसिक आरोग्याची १४४१६ या सरकारी हेल्पलाइनचे नंबर चिठ्ठीवर लिहून द्या. दोन्ही मोफत आहेत.

९. पैसे

प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी द्या, समितीने मान्य केलेल्या दराने, सगळ्यांना सारखी, त्याच दिवशी. बँकेतून देऊ म्हटलंत तर खात्याचा नंबर मागावा लागतो आणि लोकांना वाटतं कोणती तरी योजना आली. ‘योजना नाही’ हे पहिल्या भेटीत, दुसऱ्या भेटीत आणि निघतानाही सांगा.

१०. नकाराची वही, पत्ता आणि परतफेड

नकार दिलेल्यांचं कारण लिहा, नाव लिहू नका. ‘सून कामावर’, ‘मुलगा नको म्हणाला’, ‘चाचणीची लाज’. पन्नासेक नोंदी झाल्या की चूक वेळेची आहे की माणसाची ते दिसतं, आणि प्रबंधाच्या परीक्षकालाही हेच हवं असतं.

फोन नंबरवर विसंबू नका. रिचार्ज संपतो, सिम बदलतं. गावाबरोबर पाड्याचं नाव, घराची खूण, आणि बागेवर गेल्यावर मुकादम कोण, हे त्यांना विचारून लिहा. एकाच पाड्यावर एकाच नावाच्या तीन आजी असतात, तेव्हा नवऱ्याचं नाव हवंच. ही पत्त्यांची वही आणि उत्तरांचे फॉर्म वेगवेगळ्या कपाटात, कुलपात. व्हॉट्सअॅप ग्रुपवर सहभागींचे फोटो टाकायचे नाहीत, ‘आजचं फील्डवर्क’ म्हणूनसुद्धा नाही.

चिठ्ठी देताना ‘सिव्हिलला दाखवा’ एवढं लिहून भागत नाही. जिल्हा रुग्णालय, कळवणचं उपजिल्हा रुग्णालय, मालेगावचं सामान्य रुग्णालय, यांपैकी जे जवळ असेल तिथल्या डॉक्टरांशी आधी बोलून वार आणि खोली पक्की करा, चिठ्ठीवर लिहा, आणि पहिल्या खेपेला तुमचं कुणीतरी तिथे उभं ठेवा. सुरगाण्याच्या आतल्या पाड्यावरून निघालेलं माणूस दुपारी दोनला पोचतं, तोवर केसपेपरची खिडकी बंद झालेली असते.

शेवटी निकाल. प्रबंध जमा झाला की बहुतेकांचा पाड्याशी संबंध संपतो, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजची मुलं गेली की दारं बंद सापडतात. एका पानावर, मोठ्या अक्षरात, मराठीत आणि उर्दूत लिहा: किती घरं भेटली, काय आढळलं, कोणत्या सोयी मागितल्या आणि कुणाकडे मागितल्या. कुणाचंही नाव येणार नाही, छोट्या पाड्याचंही नाही, कारण बारा घरांच्या पाड्यात ‘एक रुग्ण’ लिहिलं की कोण ते सगळ्यांना कळतं. हे पान ग्रामसभेत वाचा, इमामसाहेबांना आणि शाळेला द्या, एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पोच घेऊन ठेवा. याचा खर्च आणि दोन फेऱ्यांचं डिझेल प्रस्तावाच्या बजेटमध्ये पहिल्या दिवशीच धरा. नंतर कुणी देत नाही.